डोईवरचा इतिहास

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी एका खटल्याचा निकाल दिला. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत, आणि वादाचा विषय दादरा व नगर हवेली या दोन चिमुकल्या मुलुखांत ये-जा करण्याचा हक्क. वापीच्या पूर्वेस दमणगंगेच्या काठी पसरलेला हा डोंगराळ, रानाने व्यापलेला प्रदेश. सिल्वासा हे त्याचे मुख्य ठिकाण. खटला विसाव्या शतकातील खरा, पण न्यायमूर्तींपुढे जे कागद ठेवण्यात आले त्यांत पेशवाईतील एक तह होता, सनदा होत्या आणि एका अस्सल मराठी व्यवहारातील शब्दाचा काथ्याकूटही होता. तो शब्द म्हणजे ‘सरंजाम’. पुण्याच्या दरबाराने पोर्तुगीजांना १७७९ साली जे दिले ते राज्य होते की नुसता वसूल, एवढ्या एका प्रश्नावर दोन्ही पक्षांच्या विद्वान वकिलांनी तासन्‌तास युक्तिवाद केला.

या कागदांच्या काळातील मराठी लेखणी युरोपीय लोकांना ज्या नावाने ओळखत असे, ते नाव मोठे बोलके आहे. ती त्यांना ‘टोपीकर’ म्हणे. त्यांचा धर्म, वर्ण, भाषा किंवा देश यांपैकी कशावरूनही हे नाव पडलेले नाही. ते पडले आहे डोक्यावरच्या वस्तूवरून. समोर आलेल्या माणसाच्या डोईकडे प्रथम पाहावे आणि तेथे तो कोण, कोठला, कोणत्या योग्यतेचा हे वाचावे, अशी ज्या समाजाची दृष्टी असते तोच समाज परक्याला असे नाव देतो. आज पुरुषांच्या डोक्यावर बहुधा काहीच नसते, आणि त्यामुळे हे वाचन आपण विसरलो आहो. परंतु अडीचशे वर्षांपूर्वीचा मराठी इतिहास समजून घ्यावयाचा तर ही लिपी थोडीफार यावयास हवी.

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांविषयी एक स्वतंत्र विवेचन आहे. पंतांचा इशारा स्पष्ट होता. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस हे लोक व्यापाराच्या मिषाने येतात, पण त्यांच्यातील प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राजा उभा आहे, आणि जागा मिळाली म्हणजे ती ते सोडीत नाहीत. म्हणून त्यांस समुद्रकिनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी ठाव देऊ नये, द्यावयाचाच तर आत, दूर द्यावा, असे त्यांनी बजावले. पुढे साठ-सत्तर वर्षांनी पुणे दरबाराने टोपीकरांना खरोखरच समुद्रापासून आत असलेला मुलूख दिला. पण सोडण्याची गोष्ट निघताच पंतांचे भाकीत खरे ठरले. तो मुलूख परत यावयास पावणेदोनशे वर्षे लागली.

मराठी भाषेने पगडी आणि टोपी या दोन वस्तूंना जो न्याय दिला तोही पाहण्यासारखा आहे. पगडीच्या भोवती मान आहे. एखाद्याच्या पायांवर पगडी ठेवणे म्हणजे आपली सारी अब्रू त्याच्या स्वाधीन करणे. पगडी उतरविणे म्हणजे पराकाष्ठेचा अपमान. मुंबईत भाड्याच्या घरासाठी जी रक्कम आगाऊ मोजावी लागते तिलाही ‘पागडी’ हेच नाव मिळाले. याच्या उलट टोपीच्या वाट्याला लबाडी आणि थट्टा आली. टोपी घालणे म्हणजे फसविणे, टोपी उडविणे म्हणजे कुचेष्टा करणे, टोपी फिरविणे म्हणजे पक्ष बदलणे! ‘शिरपाव’ हा शब्द मूळ फारसीतील ‘सरोपा’, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख, यावरून आला, आणि मराठी कानाने त्यात सहजच आपले ‘शिर’ ऐकले. पागोट्यावर बांधावयाचे रत्नजडित भूषण ते शिरपेच. कर्तबगार माणसाच्या शिरपेचात आजही वर्तमानपत्रे नवा तुरा खोवीत असतात. शाहिरांचे दोन पंथ शिव थोर की शक्ती थोर यावर सवाल-जवाब करीत, त्यांचीही नावे तुरा आणि कलगी, म्हणजे पुन्हा पागोट्यावरचीच लेणी. ज्या वस्तूने भाषेत इतके घर केले ती वस्तू केवळ ऊन-पावसापासून डोके राखण्यासाठी नव्हती, हे उघड आहे.

मराठी पुरुषांच्या शिरोवेष्टनांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. एक, धारण करणाऱ्याने स्वतः आपल्या डोक्याभोवती दररोज बांधावयाचे. मुंडासे, पटका, फेटा, रुमाल ही त्याची रूपे. दुसरा प्रकार कारागिराने एकदाच बांधून दिलेल्या व टोपीसारख्या उचलून डोक्यावर ठेवावयाच्या पगडीचा. या दुसऱ्या प्रकारात घराण्याघराण्यांनी, दरबारादरबारांनी आणि जातीजातींनी आपापले घाट ठरवून घेतले होते. शिंद्यांच्या दरबारची पगडी निराळी, होळकरांची निराळी, बडोद्याच्या गायकवाडांची निराळी. ब्राह्मणांची चक्री पगडी वेगळी आणि मुंबईच्या प्रभूंची वेगळी. टोक किती उंच, ते कोणत्या बाजूस झुकलेले, जरीचा काठ कोठे दिसावा, घेर किती रुंद, यांत जाणत्याची चूक होत नसे.

ही पगडी बांधणाऱ्या कारागिराला ‘पगडबंद’ म्हणत. बारा बलुतेदारांत त्याची गणना नव्हती. तो पेठेतला, दरबाराच्या आणि कचेऱ्यांच्या आश्रयाने जगणारा कारागीर. त्याच्या कसबाची सामग्री पाहिली तर ती अगदी साधी: पातळ मलमलीचा लांबच लांब पट्टा, खळ, डोक्याच्या मापाचा लाकडी साचा आणि दोन हात. कापड जितके पातळ तितकी पगडी हलकी, म्हणून तलम विणीला फार किंमत. चंदेरीचे तलम कापड या कामी नावाजलेले होते. मराठवाड्यात नांदेडच्या मलमलीची ख्याती होती, आणि पैठणचे साळी जरीकाठी पागोटी व शेले विणीत. कापडाला पीळ द्यावयाचा, तो पीळ ओलसर असतानाच साच्याभोवती फेऱ्यावर फेरा घालीत बसवावयाचा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला चिकटून पण त्याला न चेपता जावयास हवा. कपाळावरचा भाग पुढे काढून त्याला कोका द्यावयाचा. सगळे वेढे बसले म्हणजे ती साच्यावरच वाळू द्यावयाची. एक वेढा सैल पडला तर पगडी एका अंगाला कलते, आणि कललेली पगडी घालून कोण कचेरीत जाणार?

या कामात आराखडा कागदावर काढलेला नसे. तो पगडबंदाच्या बोटांत असे. गिऱ्हाइकाच्या कपाळाची रुंदी, मानेची ठेवण, वय, हुद्दा हे सारे त्याने एका नजरेत पाहावयाचे. तरुण कारकुनाची पगडी आणि पिकल्या मिशांच्या न्यायाधीशाची पगडी यांचा घाट एकच असला तरी तोल एक नसे. आजच्या भाषेत ज्याला आपण अभिकल्पना म्हणू, ती येथे कारागिरीपासून वेगळी काढताच येत नाही. ठरविणारा आणि करणारा एकच होता.

पगडबंदाच्या शेजारी रंगारी असे, आणि या दोघांचे पोट एकमेकांवर अवलंबून होते. करडईच्या फुलांपासून काढलेला कुसुंबी रंग दिसावयास फार मनोहर, पण टिकावयास कच्चा. उन्हाने तो उतरे, पाण्याने निघे. त्यामुळे पगडी मळली किंवा फिकी पडली की ती सोडावयाची, धुवावयाची, रंगाऱ्याकडून पुन्हा रंगवून आणावयाची आणि पगडबंदाकडून पुन्हा बांधून घ्यावयाची. रंगाच्या या कच्चेपणातच दोन धंद्यांची पक्की रोजी दडलेली होती. १८५६ साली इंग्लंडात पर्किनला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला आणि १८६८ साली जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. पुढील काही दशकांत हे स्वस्त व पुष्कळसे पक्के रंग आपल्या बाजारपेठांत पसरले. पगडीवर पहिला घाव पडला तो असा, रंगाऱ्याच्या कुंडातून.

आता पुन्हा पेशवाईकडे वळले पाहिजे. सत्तेचे हस्तांतर त्या काळी वस्त्रांनी होत असे. छत्रपतींकडून साताऱ्याहून ‘वस्त्रे’ आली म्हणजे पेशवा खऱ्या अर्थाने पेशवा होई, आणि त्या वस्त्रांत डोईच्या वस्त्राचा मान पहिला. १७७४ साली नारायणराव पेशव्यांच्या मागे जन्मलेल्या पुत्रासाठी ही वस्त्रे आणविण्यात आली तेव्हा सवाई माधवरावांचे वय अवघे चाळीस दिवसांचे होते. ज्या मस्तकाला अजून मान सावरत नव्हती त्या मस्तकासाठी मराठी राज्याच्या कारभाराची वस्त्रे! पुढे १७९० नंतर जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यास येऊन तरुण सवाई माधवरावांची व नाना फडणिसांची चित्रे रंगविली. त्या चित्रांतील पागोट्यांकडे पाहिले की त्या दरबारात कापडाच्या घडीलाही केवढी शिस्त होती याची कल्पना येते.

याच बालपेशव्याच्या नावाने, तो पाच वर्षांचा असताना, १७ डिसेंबर १७७९ रोजी पोर्तुगीजांशी तह झाला. निमित्त होते एका जहाजाचे. मराठी आरमाराने १७७२ साली पोर्तुगीजांचे ‘सांताना’ नावाचे जहाज निकालात काढले होते. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पुण्याच्या कारभाऱ्यांना पोर्तुगीजांचा स्नेह हवा होता. त्या स्नेहाची आणि जहाजाच्या भरपाईची किंमत म्हणून दमणच्या बाजूची सालीना बारा हजार रुपये वसुलाची गावे देण्याचे ठरले. १७८३ साली नगर हवेलीतील गावे पोर्तुगीजांकडे गेली, १७८५ साली दादरा त्यांच्याकडे आले. हेगच्या न्यायालयाने पुढे सर्व कागद पाहून असा निर्वाळा दिला की मराठ्यांनी या गावांचे सार्वभौमत्व दिलेलेच नव्हते, दिला होता तो केवळ वसूल, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम. परंतु १८१८ साली पेशवाई बुडाली, मागे वळून विचारणारा धनी उरला नाही, आणि इंग्रजांनी पोर्तुगीजांचा ताबा मान्य केला. अशा रीतीने वसुलाचे राज्य झाले.

या सौद्यात ज्यांच्या पायाखालची जमीन गेली त्यांना कोणीच विचारले नाही. सिल्वाशाच्या आसपास राहणारे वारली, कोकणा, धोडिया हे लोक. वारली पुरुषाचा पोशाख म्हणजे लंगोटी, अंगात लहानशी बंडी आणि डोक्याला मुंडासे. धोडियांत गुडघ्यापर्यंतचे पांढरे धोतर, बंडी आणि पांढरी वा रंगीत टोपी. पावसाळ्यात या पट्ट्यात मोठी झड लागते. त्या वेळी शेतकरी डोक्यापासून पाठीपर्यंत इरले पांघरून वाकून भातलावणी करतो. बांबूच्या कामट्यांची चौकट विणावयाची आणि तीवर पानांचे थर बसवावयाचे, की पाण्याचा थेंब आत येत नाही आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. पगडबंदाच्या पगडीहून या इरल्यामागील बुद्धी कमी होती असे कोण म्हणेल? परंतु त्याला दरबारात जागा नव्हती, म्हणून इतिहासातही फारशी मिळाली नाही.

सिल्वाशाच्या भोवती दहा-बारा कोसांचे वर्तुळ काढले तर पुरुषांच्या डोईवरचा पश्चिम हिंदुस्थानचा अर्धा इतिहास त्यात सापडतो. पश्चिमेस दमणला फिरंग्याची टोपी. उदवाड्यास, जेथे १७४२ पासून पारशांचा इराणशहा हा पवित्र अग्नी आहे, तेथे दस्तुरांचे शुभ्र पागोटे आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या धर्तीवर पारशी गृहस्थांनी स्वीकारलेली ताठ, गडद पगडी. दक्षिणेकडून येणाऱ्या मराठी अंमलदारांची पागोटी. आणि या सर्वांच्या मधोमध, रानात, वारल्याचे साधे मुंडासे.

टोपीकर आणि पागोटेवाले यांच्या रीतींत एक विलक्षण विरोध होता. टोपीकर आदर दाखवावयाचा झाला म्हणजे डोक्यावरची टोपी काढतो. आपल्याकडे बोडक्या डोक्याने वडिलांसमोर जाणे हाच अनादर. आपण आदराने जोडे काढतो, तो जोड्यांसह आत येतो. दोघेही आपापल्या परीने नम्र आणि दोघेही एकमेकांच्या दृष्टीने उद्धट! इंग्रजी अमलात कचेऱ्या व दरबार यांतून या जोड्यांचा आणि पागोट्यांचा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला तो यामुळेच. सिल्वाशातही टोपीची सत्ता हळूहळू स्थिरावत गेली. कारभाराचे ठाणे पूर्वी दरारा येथे होते, ते सिल्वाशास आले, आणि ११ फेब्रुवारी १८८५ च्या फर्मानाने या खेड्याला शहराचा दर्जा व एक लांबलचक पोर्तुगीज नावही मिळाले. ते नाव फर्मानात राहिले आणि लोकांच्या तोंडी सिल्वासाच राहिले.

येथवर पगडीचा गौरव झाला. पण तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जी पगडी माणसाचा मान सांगे तीच त्याची जातही सांगे. डोक्याकडे पाहून माणूस वाचता येत असे, याचा अर्थ तो कोठे बसणार, कोणाच्या विहिरीवर जाणार, कोणापुढे वाकणार हेही दुरूनच ठरत असे. महात्मा फुले यांचे पागोटे पुण्याच्या चक्री पगडीपेक्षा वेगळे होते, आणि आज ते वेगळेपण एका विचाराची खूण होऊन बसले आहे. गाडगे महाराजांनी तर डोक्यावर मातीचे खापरच घातले, आणि शिरोभूषणाच्या साऱ्या मिरवणुकीला एका खापरीत उत्तर दिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून सांगितले की, ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता ती राहणी टाकून द्या. स्वतः त्यांनी कोट, पाटलोण आणि गळपट्टा असा नेटका पोशाख आयुष्यभर बाळगला, कारण त्यात जन्माची खूण नव्हती. वस्त्र ही लिपी असेल तर ती पुसण्याचाही हक्क माणसाला असला पाहिजे, हा त्याचा अर्थ.

या पार्श्वभूमीवर गांधी टोपीचे महत्त्व कळते. ती आपोआप रूढ झालेली नाही, विचारपूर्वक घडविलेली आहे. काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींच्या तोंडून ऐकलेली तिची हकीकत नोंदवून ठेवली आहे. निरनिराळ्या प्रांतांतील शिरोवेष्टने गांधीजींनी डोळसपणे पाहिली. काश्मीरकडील टोपीचा घाट त्यांच्या मनास आला, कारण ती हलकी, सुटसुटीत आणि घडी करून खिशात घालता येण्याजोगी. रंग पांढरा ठेवला, कारण काळ्या टोपीत घाम आणि मळ लपतो, पांढरीत तो दिसतो आणि माणूस ती धुतो. कापड खादीचे, आणि तेही हातभर पुरे. जेथे पगडीला कित्येक वार मलमल आणि एका कसबी माणसाचा दिवस लागे, तेथे ही टोपी घरातील बाईनेही सुईदोऱ्याने शिवावी. आणि मुख्य म्हणजे ती घातलेला माणूस वकील आहे की विणकर, देशस्थ आहे की महार, हे टोपीवरून सांगता येत नसे.

लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले तो दिवस १ ऑगस्ट १९२०. गांधीजींची असहकारिता सुरू झाली तोही हाच दिवस. महाराष्ट्राच्या डोक्यावरून तांबडी पगडी उतरली आणि पांढरी टोपी चढली, त्याचा मुहूर्त कोणी काढावयाचा म्हटला तर याहून नेमका सापडणार नाही. टोपी या शब्दाला भाषेने चिकटविलेली हेटाळणी या टोपीने काही काळ तरी धुऊन काढली. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा ही वीतभर खादी डोक्यावर असणे सरकारी रोष ओढवून घेण्यास पुरेसे होते. ज्या टोपीसाठी मार खावा लागतो ती क्षुद्र कशी म्हणावी? स्वतः गांधीजींनी मात्र सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेस पंचा स्वीकारला तेव्हा टोपीही सोडली. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्यांच्या डोक्यावर ती फार थोडा काळ राहिली.

परंतु या समतेचा खर्च कोणी सोसला याचाही हिशेब मांडला पाहिजे. पगडबंदाने सोसला. गिऱ्हाईक शिंप्याकडे गेले, पुढे शिवणयंत्राकडे गेले आणि शेवटी बोडकेच फिरू लागले. गिरणीच्या कापडाने साळ्याला जसे उठविले तसे पगडबंदाला कोणा गिरणीने उठविले नाही. एका चांगल्या विचाराने उठविले. म्हणून त्याच्यासाठी सभा भरल्या नाहीत, निषेध झाले नाहीत. जुलमाने बुडालेल्या धंद्याची आठवण समाज ठेवतो. न्यायाच्या वाटेत आलेला धंदा मुकाट्याने बुडतो. आणि त्या बोटांतील जे ज्ञान होते, त्याचा जातीच्या उतरंडीशी काय अपराध होता?

१९५४ च्या पावसाळ्यात सिल्वाशाचा हिशेब पुरा झाला. २२ जुलैला दादरा मुक्त झाले, २८ जुलैला नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वाशावर तिरंगा चढला. या लढ्यात आझाद गोमंतक दलाचे सैनिक होते, पुण्या-मुंबईहून गेलेले तरुण स्वयंसेवक होते. संगीतकार सुधीर फडके त्यांत होते आणि पुढे शिवशाहीर म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले बाबासाहेब पुरंदरेही होते. शिवकालाचा आणि पेशवाईचा कागद वाचणारा तरुण पेशवाईने देऊन टाकलेली गावे परत आणावयास जातो, हा योगही इतिहासाने जुळवून आणला. ११ ऑगस्टला पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो उदव्यास शरण आला. टोपीकराचा अंमल उठला. पुढे सात वर्षे तेथील वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिपूर्वक सामील झाला. त्या करारावर सही करण्यापुरते बदलानी या सनदी अधिकाऱ्यास एका दिवसाचे पंतप्रधान करण्यात आले होते. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

मुक्त झालेल्या सिल्वाशाने पुढे एक अनपेक्षित रूप घेतले. करसवलतींमुळे तेथे कारखाने आले, आणि कृत्रिम धाग्यावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाचे ते मोठे केंद्र बनले. इकडे महाराष्ट्रात लग्नसराईत जे तयार फेटे मिळतात त्यांत मलमलीची जागा अशाच कृत्रिम धाग्याने घेतली आहे, जरीची जागा चमचमणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीने. फेटा आता बांधावा लागत नाही, शिवलेलाच मिळतो. मंडपाच्या दारात घालावयाचा आणि पंगत उठली की परत द्यावयाचा. एका परीने ही जुन्या बांधीव पगडीचीच आवृत्ती म्हणावी, परंतु तिच्यात कोणाच्या कपाळाचे माप नाही.

पगडीला मात्र दुसरा जन्म रंगभूमीने दिला. डिसेंबर १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ पुण्यात रंगमंचावर आले आणि रांगेने उभ्या राहिलेल्या पगड्या नव्या पिढीने कुतूहलाने पाहिल्या. त्यानंतर सत्कार, पदवीदान, स्पर्धा अशा प्रसंगी पुणेरी पगडी पुन्हा दिसू लागली, आणि २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने नावाचे रक्षण होते. हाताचे रक्षण त्याने आपोआप होत नाही. २०१८ साली पुण्यातील समारंभांत पुणेरी पगडी घालावी की फुल्यांचे पागोटे, असा वाद जाहीरपणे रंगला. वाद योग्यच होता, कारण खुणेचा अर्थ कोणता हे समाजाने पुनःपुन्हा ठरवावयाचे असते. पण त्या गदारोळात ही दोन्ही शिरोवेष्टने बांधतो कोण, त्याला दिवसाची मजुरी काय मिळते, आणि त्याचा मुलगा हे काम शिकतो आहे काय, हे प्रश्न कोणाच्या तोंडून फारसे ऐकू आले नाहीत.

पुरुषाच्या डोईवरच्या या लहानशा वस्तूचा इतिहास पाहिला तर त्यात दोन धागे एकमेकांत पिळलेले दिसतात. एक प्रतिष्ठेचा, दुसरा कसबाचा. पहिला धागा काळाने उसवला आणि तो उसवणे इष्टच होते. डोक्यावरच्या वस्त्रावरून माणसाची योग्यता ठरविण्याचे दिवस परत आणू नयेत. परंतु पहिला उसवताना दुसराही तुटलाच पाहिजे असे नाही. पैठणच्या विणीचे शिक्षण देता येते, मग पगडीच्या पिळाचे का देता येऊ नये? घाट जातींचे होते, बोटांतली विद्या सर्वांची होऊ शकते. शाळांतून, कलाविद्यालयांतून ज्याला इच्छा असेल त्याला ती शिकविली, तर पगडी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने सर्वांची होईल.

१७७९ च्या तहात पगडी होती आणि टोपीही होती. एकाने दिले, दुसऱ्याने घेतले. तिसरे होते ते वारल्याचे मुंडासे. ते साताऱ्याहून आलेले नव्हते, लिस्बनहूनही आलेले नव्हते, आणि कोणा पगडबंदाच्या साच्यावर वाळलेलेही नव्हते. ते ज्याचे त्याने रोज सकाळी आपल्या हाताने बांधावयाचे होते. सनदांमध्ये त्याचा उल्लेख नाही. पण पेशव्यांचा अंमल गेला, फिरंग्याचा अंमल गेला, तरी त्या रानातली माणसे आपल्या जमिनीवरच राहिली, आणि १९५४ च्या त्या श्रावणात जो मुलूख मोकळा झाला तो मुळात त्यांचाच होता.